साबणाचा कप आणि लवंगांचे बेट

क्रिकेटच्या स्पर्धांना हल्ली टायरपासून मोबाइलपर्यंत कशाचेही नाव मिळते आणि त्याचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे. पण खेळाच्या पाठीवर मालाची जाहिरात चिकटवण्याची ही युक्ती आपल्याच काळात निघाली, असा कोणाचा समज असेल तर त्याने १९२६ सालच्या नैरोबीची हकीकत ऐकावी.

इंग्लंडात विडनेस म्हणून एक गाव आहे. तेथे विल्यम गॉसेज या गृहस्थाने साबणाचा कारखाना काढला होता. निळ्या रेघारेघांचा गॉसेज साबण एकोणिसाव्या शतकात देशोदेशी जात असे. पुढे हा कारखाना लीव्हर ब्रदर्सच्या पोटात गेला. नाव मात्र टिकले. या गॉसेजवाल्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या केनिया आणि युगांडा या दोन ब्रिटिश मुलखांच्या फुटबॉल संघांसाठी एक कप ठेवला. लोकांनी मैदानात उतरावे, घामाघूम व्हावे, कपडे मळवावेत आणि घरी जाताना साबणाची वडी घेऊन जावे, असा सरळ हिशेब त्यामागे असेल तर त्यात वावगे काहीच नाही. तिकडच्या स्वाहिली भाषेत साबणाला ‘साबुनी’ म्हणतात. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बीमा’ आणि लाखाला ‘लाकी’! नैरोबीच्या बाजारात पहिल्या दिवशी मी या शब्दांवर ठेचकाळत होतो. दुसऱ्या दिवशी भाव करू लागलो.

पहिल्या वर्षी कप केनियाने जिंकला. त्या काळी कंपालापर्यंत आगगाडी पोहोचलेली नव्हती. ती पोहोचली १९३१ साली. युगांडाहून नैरोबीला यायचे तर व्हिक्टोरिया सरोवर बोटीने ओलांडायचे आणि किसुमूला गाडी धरायची, हा रूढ मार्ग. त्या गाडीचे रूळ टाकायला हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले होते आणि त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तेथेच दगावले, हे वाचकांना ठाऊक असेलच. एका मैदानावर बावीस माणसे उतरवण्यासाठी किती लांबून, कोणाकोणाच्या हाडांवरून वाट झाली होती, हे त्या रुळांवरून प्रवास करताना माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

दोन गड्यांचा हा डाव पुढे वाढत गेला. १९४५ साली टांगानिका आले, १९४९ साली झांजिबार. १९६६ पर्यंत गॉसेजचे नाव चालले. मग ते गळाले. १९७३ पासून पूर्व व मध्य आफ्रिकेच्या फुटबॉल मंडळांच्या संघटनेच्या नावाने, म्हणजे ‘सेकाफा कप’ या नावाने, ही स्पर्धा भरू लागली. साऱ्या आफ्रिका खंडाचा कप निघाला तो १९५७ साली. म्हणजे आमचा साबणाचा कप त्याच्याहून एकतीस वर्षांनी वडील. पण वडीलपणाला मान असतोच असे नाही. युरोपातल्या बड्या क्लबांत खेळणारे खेळाडू या स्पर्धेला सहसा येत नाहीत, तारखा आयत्या वेळी बदलतात, यजमान ऐनवेळी अंग काढून घेतात, आणि मुंबईच्या वर्तमानपत्रात तिच्या निकालाची एक ओळ सापडली तर ती जागा भरण्यासाठी घातलेली असते.

तरीही या कपाचा मला लळा लागला. नोकरीच्या निमित्ताने मी २००९ ते २०१८ अशी नऊ वर्षे नैरोबीत काढली. फुटबॉलमधले मला फारसे कळते असे नाही; दादरच्या मैदानांवर क्रिकेट पाहत वाढलेला मी माणूस. ऑफसाइड मला आजही दुसऱ्याने सांगावा लागतो. परंतु ‘देश’ म्हणजे काय, हा प्रश्न या स्पर्धेने मला जितक्या वेळा विचारला तितक्या वेळा नागरिकशास्त्राच्या पुस्तकानेही विचारला नव्हता.

हेच पाहा ना. १९७२ च्या ऑगस्टात इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणून फर्मावले. गुजराती, गोवेकर, पंजाबी अशी हजारो कुटुंबे दुकाने, घरे, शाळा टाकून निघाली. सेकाफाच्या नावाने पहिली स्पर्धा भरली ती त्यानंतर वर्षभराने, आणि कुठे? तर कंपालातच. जिंकली युगांडानेच. १९७७ साली केनिया, युगांडा व टांझानिया यांचा पूर्व आफ्रिकी संघ मोडला. तिघांची विमान कंपनी एक होती, रेल्वे एक होती, टपालखाते एक होते; त्या सगळ्याची भावाभावांतल्या वाटण्यांसारखी फाळणी झाली. टांझानियाने केनियाची सरहद्द बंद केली, ती १९८३ पर्यंत उघडली नाही. पण कप? तो चालूच! त्याच १९७७ साली तो मोगादिशूला भरला, आणि तेव्हा यजमान सोमालिया इथिओपियाशी ओगादेनच्या लढाईत गुंतलेला होता. १९८१ साली सरहद्द बंद असताना केनियाचा संघ टांझानियात गेला, त्याने तेथे यजमानांना अंतिम सामन्यात हरवले आणि कप घरी आणला. ज्या वाटेने चहाची खोकी जाऊ शकत नव्हती, त्या वाटेने अकरा फुटबॉलपटू गेले म्हणायचे. वाट अर्थात आकाशातली होती, एवढेच.

गमतीही पुष्कळ. १९९९ साली यजमान रुवांडाने दोन संघ उतरवले, एक पहिला आणि एक दुसरा. कप जिंकला तो दुसऱ्याने! २००६ साली झांबियाचा संघ पाहुणा म्हणून बोलावला होता. पाहुण्याने अंतिम सामना जिंकला. मग नियम निघाला की पाहुण्याला कप देता येत नाही, आणि तो हरलेल्या सुदानच्या हातात दिला. पंगतीला बोलावलेल्याने जेवण आटोपल्यावर ताटही मागू नये, हा नियम आपल्याकडेही आहे. पण येथे पाहुण्याने सर्वांत जास्त वाढून घेतले होते त्याचे काय! संघांची नावेही मोठी गोड. युगांडाचे ‘क्रौंच’, रुवांडाच्या ‘गांधीलमाश्या’, बुरुंडीची ‘पाकोळी’, इथिओपियाचा ‘वालिया’ नावाचा डोंगरी बोकड. सबंध पंचतंत्र मैदानात उतरल्यासारखे वाटते.

आता ज्या संघासाठी मी हे सगळे लिहायला बसलो त्याच्याकडे येतो.

झांजिबार म्हणजे हिंदी महासागरातली दोन मोठी आणि काही लहान बेटे. लवंगांचा मुलूख. मुंबईशी त्याचे नाते इतके जुने की आपल्याला ते आठवेनासे झाले आहे. कार्तिकाच्या सुमारास ईशान्येचा वारा सुटला की कच्छ-कोकणच्या किनाऱ्यावरची गलबते त्या वाऱ्यावर खाली उतरत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परत येत. तिकडे पहिल्या वाऱ्याला ‘कास्काझी’ आणि दुसऱ्याला ‘कुसी’ म्हणतात. १८७३ साली झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद करण्यासाठी सुलतानाशी बोलणी करायला इंग्रजांनी पाठवले ते सर बार्टल फ्रीअर यांना, म्हणजे मुंबईच्याच माजी गव्हर्नरांना. आपले फ्लोरा फाउंटन मुळात ज्यांच्या नावाचे व्हायचे होते तेच हे फ्रीअर. झांजिबारचा रुपया स्वतःच्या छापाचा पण आपल्या रुपयाच्या तोलाचा होता आणि तो १९३५ अखेरपर्यंत चालला. त्या बेटावर १९४६ साली जन्मलेला फारोख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा पाचगणीच्या शाळेत शिकायला आला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. त्याचे घर म्हणून आज प्रवाशांना एक दार दाखवतात. मी आणि माझी पत्नी तेथे गेलो तेव्हा दारापुढे फोटो काढणाऱ्यांची रांग होती, आणि पलीकडे समुद्रालगतच्या वाळूत पोरे अनवाणी चेंडू लाथाडत होती. आम्ही पोरांकडे पाहत बसलो.

या बेटांचे राजकीय चरित्र थोडक्यात सांगायचे तर असे. १० डिसेंबर १९६३ रोजी झांजिबार स्वतंत्र झाले. १६ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद झाले. १२ जानेवारी १९६४ रोजी क्रांती झाली, सुलतान पळाला, अरब आणि हिंदी वस्तीत रक्तपात झाला, अनेक घरे कायमची उठली, बलसारांचेही त्यांतच. २६ एप्रिल १९६४ रोजी टांगानिका आणि झांजिबार यांचे एक राज्य झाले. ‘टांझानिया’ या नावातला मधला ‘झा’ तेवढा झांजिबारचा. संयुक्त राष्ट्रसंघातली झांजिबारची खुर्ची अशी चार महिने दहा दिवस टिकली.

पण बेटांना त्या राज्यात आपला अध्यक्ष आहे, आपले विधिमंडळ आहे, २००५ पासून आपला झेंडाही आहे. आणि आपला फुटबॉल संघ आहे. हा संघ जागतिक करंडकाच्या पात्रता सामन्यांत खेळू शकत नाही, कारण ‘फिफा’च्या लेखी झांजिबार नावाचा देश नाही. तो आफ्रिका करंडकात खेळू शकत नाही. तो खेळतो फक्त आमच्या या साबणाच्या कपात, कारण १९४९ साली तो त्यात आला तेव्हा कोणी त्याला कागद विचारले नव्हते, आणि एकदा ओसरीवर बसलेल्या माणसाला पुन्हा उठ म्हणायला पूर्व आफ्रिकेतल्या शेजाऱ्यांची जीभ रेटली नाही. झांजिबारला मान मिळावा म्हणून टांझानियाही येथे आपले नाव बदलतो. एरवीचा त्यांचा राष्ट्रीय संघ ‘ताइफा स्टार्स’, म्हणजे राष्ट्राचे तारे. त्यात झांजिबारचे खेळाडूही असतात. या कपात मात्र फक्त मुख्यभूमीचा संघ उतरतो आणि तो ‘किलिमांजारो स्टार्स’ म्हणवतो. राष्ट्राने डोंगराचे नाव घ्यायचे आणि बेटाला त्याच्या नावाने बोलवायचे, हा समजूतदारपणा मला फार आवडला.

१९९५ साली कंपालात झांजिबारने यजमानांना १-० असे हरवून हा कप जिंकला. एकदाच. त्यांचे तेवढे एकच मोठे बक्षीस.

येथे मुंबईकर वाचक म्हणेल, एका देशाचे दोन संघ कसे चालतील? मी त्याला विचारीन, एका महाराष्ट्राचे तीन कसे चालतात? रणजी करंडकात मुंबई वेगळी, महाराष्ट्र वेगळा, विदर्भ वेगळा. आपल्याला त्यात काही खटकते का? २०१७ च्या मार्चमध्ये मात्र ते खटकले. ‘एका राज्याला एक मत’ या तत्त्वावर क्रिकेट मंडळाची नवी घटना आली आणि तोवर एकेचाळीस वेळा रणजी जिंकलेल्या मुंबईचे पूर्ण सभासदत्व गेले. त्या आठवड्यात आमच्या नैरोबीच्या मराठी मंडळींत जो शोक झाला तो मी विसरणार नाही. एक सद्गृहस्थ तर तावातावाने म्हणाले, “अहो, उद्या मुंबईला समुद्रही नाही म्हणतील!” मुंबईचे सभासदत्व २०१८ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने परत दिले आणि शोक संपला.

पण योगायोग पाहा. त्याच मार्च महिन्यात, १६ तारखेला, अदीस अबाबा येथे आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघाची सभा भरली होती आणि तिने झांजिबारला पंचावन्नावा सभासद म्हणून टाळ्यांच्या गजरात घेतले. त्याच दिवशी मादागास्करचे अहमद हे महासंघाचे अध्यक्ष निवडून आले. झांजिबारच्या गल्ल्यांत आनंदीआनंद झाला. आता आफ्रिका करंडकात आपल्या नावाने खेळता येईल, मग फिफाचे दारही ठोठावता येईल. २१ जुलै रोजी राबात येथे महासंघाची खास सभा झाली आणि तिने झांजिबारला काढून टाकले. अध्यक्षांचे म्हणणे असे की एका देशातून दोन संघटना घेता येत नाहीत. मार्चमध्ये नियम नीट पाहिले गेले नव्हते. आणि देश कोणता हे आफ्रिकी संघ व संयुक्त राष्ट्रसंघ ठरवतात.

नियमाच्या दृष्टीने यात चूक काढता येणार नाही. पण मी घरी पंचांग घेऊन हिशेब केला. संयुक्त राष्ट्रसंघात झांजिबार होते चार महिने दहा दिवस; आफ्रिकेच्या फुटबॉलमध्ये चार महिने पाच दिवस. एका मुलखाच्या नशिबी एकाच मापाची दोन राष्ट्रीयत्वे यावीत हे विलक्षण नाही का? आणि नियमाचे म्हणाल तर इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड हे चौघे फिफात वेगवेगळे बसतात, डेन्मार्कच्या छत्राखालची फॅरो बेटे बसतात, आणि २०१६ साली जिब्राल्टरसुद्धा जाऊन बसले. जिब्राल्टरची वस्ती चौतीस-पस्तीस हजारांची. झांजिबारची २०२२ च्या शिरगणतीत अठरा लाखांवर. ज्यांनी खेळाचे नियम लिहिले त्यांच्या घरच्या चारही भावांना पाट मिळाले; नंतर आलेल्यांना रांग. हे मी रागाने म्हणत नाही. पंगतीत आधी बसलेल्याला वाढप आधी मिळते, हा जगाचा क्रम आहे. मात्र त्याला तत्त्व म्हणू नये.

काढून टाकल्यानंतर पाच महिन्यांच्या आत, डिसेंबर २०१७ मध्ये, केनियात सेकाफा कप भरला. झांजिबारचा संघ आला. सोबत प्रशिक्षक हेमेद सुलेमान. त्यांना सगळे ‘मोरोक्को’ म्हणतात. या संघाने रुवांडाला ३-१ असे हरवले. मुख्यभूमीच्या किलिमांजारो स्टार्सना २-१ असे हरवले. यजमान केनियाशी ०-० बरोबरी केली. पाहुणा म्हणून आलेल्या लिबियाकडून मात्र ०-१ असा हरला. उपांत्य सामन्यात त्याने गतविजेत्या युगांडाला २-१ असे घरी पाठवले. नैरोबीतल्या माझ्या कचेरीत त्या दिवशी केनियन मंडळीसुद्धा झांजिबारची बाजू घेऊन बोलत होती. समोर केनियाच येणार हे त्यांना दुसऱ्या दिवशी उमगले.

अंतिम सामना १७ डिसेंबरला माचाकोसला होता. नैरोबीपासून साठ-पासष्ट किलोमीटर. इंग्रजांचे या भागातले पहिले ठाणे हेच. पण रेल्वे बाजूने गेली, नैरोबी वाढली आणि माचाकोस मागे राहिले. मला घेऊन गेले एक ओळखीचे चाचा. मूळचे श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान; आजोबा गलबतावरून मोम्बासाला उतरलेले. चाचांचा जन्म तिकडचा, पण घरात बोली कोकणची. ती मला लिहून दाखवता यायची नाही. ऐकताना मात्र हर्णैच्या धक्क्यावर उभा असल्यासारखे वाटते.

“चाचा, तुम्ही कोणाच्या बाजूने?” मी वाटेत विचारले.

“पासपोर्ट केनियाचा आहे,” ते म्हणाले. “पण माझी आई झांजिबारची. आईला पासपोर्ट विचारतात काय?”

मैदान भरले होते. केनियाचे लोक शिट्ट्या, पिपाण्या, चेहऱ्याला रंग अशा थाटात. एका कोपऱ्यात झांजिबारचे दोनएकशे पाठीराखे, डोक्याला गोल भरतकामाच्या टोप्या. पाचच मिनिटांत केनियाने गोल केला आणि माझ्या मनाने निकाल लावून टाकला. चाचांनी नाही लावला. ते पुढे वाकून बसले ते तसेच. दुसरा अर्धा संपत आला, माणसे रस्त्यातली गर्दी चुकवण्यासाठी उठू लागली, आणि शेवटच्या काही मिनिटांत झांजिबारने बरोबरी साधली. कोपऱ्यातल्या त्या दोनशे माणसांचा आवाज दोन हजारांएवढा झाला. जादा वेळेत केनियाने पुन्हा गोल केला. चाचांनी हातातली शेंगांची पुडी माझ्याकडे दिली. दोनच मिनिटे झाली असतील, झांजिबारने तोही फेडला. २-२.

मग पेनल्टी किक. केनियाचा गोलकीपर पॅट्रिक मातासी. त्याने तीन किक अडवल्या. तीन! पहिली अडवली तेव्हा आमच्या आजूबाजूचे लोक नाचले. तिसरीला मी पाहिले की नाचता नाचता एकदोघे थांबले आणि त्या कोपऱ्याकडे पाहू लागले. केनिया ३-२ असा जिंकला. झांजिबारचे खेळाडू गवतावर पडले होते. त्यांना पुढे दुसरी स्पर्धा नव्हती. हरलेला केनिया पात्रता फेरीत पुन्हा खेळला असता, हरलेला युगांडा आफ्रिका करंडकाच्या तयारीला लागला असता. झांजिबारच्या त्या पोरांना आपल्या बेटाच्या नावाचा शर्ट घालून पुढचा सामना खेळायचा तर पुढच्या सेकाफाची वाट पाहायची, दुसरा इलाज नाही. आणि २०१८ साली ती स्पर्धा भरलीच नाही.

परतताना चाचा बराच वेळ बोलले नाहीत. आथी नदी ओलांडल्यावर म्हणाले, “गोलकीपर चांगला होता.” बस्स, इतकेच.

याच कपाची दुसरी एक बाजू सांगितली नाही तर हा लेख एकांगी होईल. एका संघाला देश हवा आहे आणि मिळत नाही. दुसऱ्या एका संघाला देश आहे आणि तो नको झाला आहे. १९९३ साली स्वतंत्र झालेल्या एरिट्रियात लष्करी सेवा सक्तीची. कायद्याने अठरा महिन्यांची, प्रत्यक्षात संपण्याची तारीख नसलेली. मी नैरोबीत नवा होतो तेव्हा, २००९ च्या डिसेंबरात, सेकाफासाठी आलेल्या एरिट्रियाच्या संघातले डझनभर खेळाडू नाहीसे झाल्याची बातमी वाचली. मला वाटले अपघात झाला असेल. कचेरीतला शिपाई हसला आणि म्हणाला, “साहेब, ते हरवले नाहीत. त्यांना आता कोठे सापडले आहे.” २०१२ साली युगांडात तेच झाले, पंधरा खेळाडू आणि संघाचा डॉक्टर यांना युगांडाने पुढे आश्रय दिला. डॉक्टरसुद्धा! २०१९ साली कंपालात एरिट्रियाचा संघ प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत आला. युगांडाने त्याला ३-० असे हरवले, आणि स्पर्धेनंतर हजेरी घेतली तर सातजण कमी. उपविजेतेपदाचे पदक गळ्यात असलेला माणूस रात्री परक्या शहराच्या गल्लीत शिरतो आणि मागे वळून पाहत नाही, यावर काय बोलावे? पुढे २०२६ च्या जागतिक करंडकाच्या पात्रता सामन्यांतून एरिट्रियाने माघारच घेतली. खेळाडू पळतील या भीतीने संघच पाठवायचा नाही!

आणि दक्षिण सुदान? ९ जुलै २०११ रोजी जन्मलेले ते राष्ट्र २०१२ साली आपल्या आयुष्यातली पहिली स्पर्धा खेळले ती हीच, कंपालात. फिफाचे सभासदत्व त्यांना तोवर मिळालेही होते. त्रेसष्ट वर्षे या कपात खेळून झांजिबारला जे मिळाले नाही ते त्यांना वर्षाच्या आत मिळाले. कारण त्यांच्या खिशात संयुक्त राष्ट्रसंघाचा कागद होता. त्या कागदासाठी त्यांनी जे भोगले ते झांजिबारने भोगावे असे कोणीही म्हणणार नाही.

कंपालातल्या २०१९ च्या स्पर्धेनंतर या कपाची घडी विस्कटली. महामारी आली, २०२१ साली तेवीस वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा त्याच्या जागी भरवली गेली. पूर्व आफ्रिकेच्या फुटबॉलचे लक्ष आता मोठ्या गोष्टींकडे आहे. २०२७ च्या आफ्रिका करंडकाचे यजमानपद केनिया, युगांडा व टांझानिया यांना मिळून देण्यात आले. त्याची रंगीत तालीम म्हणून, आपापल्या देशातच खेळणाऱ्या फुटबॉलपटूंची आफ्रिकी स्पर्धा २०२५ च्या ऑगस्टमध्ये या तीन देशांत झाली. चीनच्या मदतीने बांधलेले झांजिबारचे अमान मैदान दुरुस्त होऊन तयार होते. काही सामने तेथे झाले. सेनेगल खेळला, नायजेरिया खेळला, काँगो आणि सुदान खेळले. बेटावरच्या लोकांनी तिकिटे काढून चार परक्या देशांची राष्ट्रगीते ऐकली.

टांझानियाच्या संघाचे प्रशिक्षक त्या स्पर्धेत होते हेमेद सुलेमान, माचाकोसच्या मैदानावरचे तेच ‘मोरोक्को’. म्हणजे बेटाच्या मास्तराच्या हाती मुख्यभूमीने आपले तारे सोपवले होते. त्यांनी संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेला आणि तेथे तो ०-१ असा हरला. समोरचा संघ मोरोक्कोचा होता. मी मुंबईहून चाचांना फोन केला, तेव्हा त्यांनी सामन्याचे काहीच सांगितले नाही. अमान मैदानावरचे गवत आता फार चांगले झाले आहे, एवढे मात्र दोनदा सांगितले.